न जाणाऱ्याचा निरोपसमारंभ

आदरणीय मातालेनाताईला धाकट्या पेसामिनोचा मान लववून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी फोनवर तू "बरा आहे" म्हणालीस, पण ज्या आवाजात म्हणालीस त्यावरून तो बरा नसावा, असं तिनोउसीचं मत पडलं. (माझ्या बायकोला फोनवरून गुडघेही दिसतात.) ऑकलंडच्या थंडीत पायमोजे घालून झोपत जा, शुगरच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि चर्चच्या स्वयंपाकघरात इतर बायकांशी भांडू नकोस, भांडलीसच तर निदान जिंकून ये. इकडे बेटावर सगळं ठीक. नीरफणस भरपूर लागला आहे, पाद्रीसाहेबांचा दमा आटोक्यात आहे, आणि मागच्या शुक्रवारी शाळेने मला निरोप दिला. घाबरू नकोस, मी नोकरी सोडलेली नाही, मला कोणी काढलेलंही नाही. मी कुठेच चाललेलो नाही आणि तरीही माझा निरोपसमारंभ यथासांग पार पडला. कसा, ते सविस्तर लिहितो.

आमच्या शिक्षकखोलीत चहाच्या टेबलाच्या वर भिंतीला एक फळी आहे आणि त्या फळीला खिळे आहेत. (तू आली होतीस तेव्हा तुझी बाही अडकून फाटली, तेच ते खिळे.) एकेका खिळ्याला एकेका शिक्षकाचा कप. नवा शिक्षक आला की त्याला वर्ग नंतर मिळतो, खिळा आधी. आणि शाळा सोडणारा माणूस आपला कप उतरवून घरी नेतो. राजीनामे वगैरे मंत्रालयासाठी. आमच्यापुरतं म्हणशील तर कप उतरला की माणूस गेला. आता झालं असं, की आमचा विज्ञानाचा नवा शिक्षक केरिसियानो (पोरगा गुणी आहे, पण स्वतःची वस्तू कुठली आणि दुसऱ्याची कुठली, एवढं एक शास्त्र त्याला येत नाही) याला मुलांना डासांच्या अळ्या दाखवायच्या होत्या. भांडं सापडेना, म्हणून त्याने माझा कप घेतला. मला कळलं तेव्हा मी त्यात साखर घालून चमचा फिरवत होतो. मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, कप पिशवीत टाकला आणि घासूनपुसून आणावा म्हणून घरी नेला. तिनोउसीने तो उकळला, पुन्हा उकळला आणि शेवटी त्यात मिरचीचं रोप लावून टाकलं. "ज्यात अळ्या वळवळल्या त्यातून मी नवऱ्याला कोको पाजणार नाही," म्हणाली. विषय संपला, असं मला वाटलं. पण तिकडे फळीवर माझा खिळा रिकामा दिसला आणि सगळ्यांनी ओळखलं, सर चालले.

तू म्हणशील, कोणीतरी विचारायचं की! ताई, तू फार वर्षं तिकडे राहिलीस. जाणाऱ्या माणसाला तोंडावर "जाताय का?" विचारणं म्हणजे त्याची चप्पल उचलून त्याच्या हातात देणं. तो सांगेल तेव्हा सांगेल. तोवर सगळ्यांनी ओळखायचं, कोणी बोलायचं नाही आणि निरोपाच्या जेवणासाठी डुकराला जरा जास्त खायला घालायचं. आमचे लोक या बाबतीत इतके सभ्य आहेत की एखादा बुडत असला तरी आधी त्याला पोहायचं असेल का, याचा विचार करतील.

दर शुक्रवारी प्रार्थना झाली की मी लिहिलेली 'आठवड्याची खबर' शिक्षकांना वाचून दाखवली जाते, हे तुला ठाऊक आहेच. कोण आजारी, कोणाकडे बाळ झालं, कुठल्या वर्गाने पाण्याच्या टाकीचा नळ मोडला, कोणाचं डुक्कर शाळेच्या बागेत घुसलं. खबर शिक्षकांसाठी असली तरी संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गावाला तोंडपाठ असते, कारण वाचन चालू असताना महिला समितीच्या दोघीतिघी आमच्या खिडकीखाली गवत उपटत असतात. (आमच्या खिडकीखाली आता गवत उरलेलं नाही. त्या तरीही येतात.) तर कप नेला त्याच आठवड्यात आमच्या मुख्याध्यापिका सिनापातीबाई मला म्हणाल्या, "सर, या खेपेला खबर राहू द्या. मी लिहीन." आता या बाई म्हणजे कोणाचं ओझं हलकं करण्यासाठी प्रसिद्ध नाहीत. मला वाटलं, मागच्या खबरीत बागेत घुसलेलं डुक्कर कोणाचं ते मी स्पष्ट लिहिलं, त्याचा हा राग. डुक्कर बाईंचंच होतं. त्यांची खबर वाचली गेली तेव्हा त्यांनी मला टाकीचा नळ बघायला पाठवलं होतं; त्यात माझ्याच जाण्याची बातमी होती, हे मला मागाहून कळलं.

मग चमत्कार सुरू झाले. उन्हात फाटकावर उभं राहायची माझी पाळी कोणीतरी परस्पर घेतली. अकरावीचा वर्ग, ज्याने आजवर तीन शिक्षकांना देवाचा धावा करायला लावलं, तो माझ्यासमोर हाताची घडी घालून बसू लागला. मी भूमितीचं प्रमेय सोडवलं आणि मागच्या बाकावर एक दांडगी मुलगी हुंदके देऊन रडली. (प्रमेय अवघड आहे, पण इतकं नाही.) महिला समितीची अध्यक्षीण भर रस्त्यात माझ्या खांद्याची मापं घेऊन गेली आणि वर म्हणाली, "तिकडे थंडी फार असते म्हणे." मी म्हटलं, असते खरी. आणि केरिसियानो? तो लाल डोळ्यांनी भिंतीच्या कडेकडेने चालायचा, मी दिसलो की वळून जायचा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निरोपाची तयारी चालली आहे, आणि जाणारा आहे केरिसियानो! मी चारचौघांत ओरडलो म्हणून पोर शाळा सोडून चाललं. आणि त्याला विचारावं, तर मीही शेवटी याच गावचा. नाही विचारलं.

पण प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. शिक्षकांचं गायन चालू होतं, निरोपाचं गाणं, आणि मी आत गेलो की सगळे एकदम दुसरंच काहीतरी गायला लागायचे. मी म्हटलं, "लपवता कशाला? मला सगळं समजलंय." भूगोलाच्या बाईंनी रुमाल काढला. मी म्हटलं, "जाणाऱ्याला असं रडत पाठवू नका. तो काही मेलेला नाही. आवाज चढवा, तिसऱ्या ओळीला टाळ्या घ्या." मग मी स्वतः खालच्या पट्टीतला आवाज धरला आणि त्यांच्याकडून ते गाणं घोटून घेतलं. भूगोलाच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "सर, तुमचं काळीज दगडाचं आहे की सोन्याचं, तेच कळत नाही." मी म्हटलं, सवय लागते. घरचं एक चांगलं पोसलेलं डुक्करही मी समारंभाला दिलं. म्हणजे ताई, मी माझ्याच निरोपाचं गाणं बसवलं आणि माझ्याच निरोपाचं जेवण पुरवलं.

शुक्रवारी सगळा गाव शाळेच्या सभागृहात. भट्टीत भाजलेले तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली त्याचीच पानं, माझं डुक्कर (ओळखीचा चेहरा, मला बघवेना). गावचे वक्ते फालानिको हातात काठी घेऊन उठले. त्यांचं भाषण तुला माहीत आहे. ते आदामापासून सुरू करतात आणि घाई असेल तरच नोहाला वगळतात. मी केरिसियानोकडे मायेने बघत होतो. वक्ते म्हणाले, ज्याने आपल्या बापांना बेरीज शिकवली आणि आपल्या नातवांना वजाबाकी, तो माणूस आता समुद्र ओलांडून बहिणीकडे चालला आहे. मी विचार केला, केरिसियानोने कोणाच्या बापाला कधी शिकवलं? इतक्यात चारही बाजूंनी लोक माझ्याकडे वळले, आणि समितीच्या बायकांनी ती चटई उलगडली. साधी नव्हे. ती रेशमासारखी मऊ, लग्नामरणालाच बाहेर निघणारी, जी विणताना कोणाच्या तरी आजीचे डोळे गेले. ती त्यांनी माझ्या पायाशी पसरली. आता तूच सांग, अशा वेळी माणूस "मी कुठे चाललोय?" म्हणतो का? ती चटई नाकारणं म्हणजे गावाच्या तोंडावर थुंकणं, आणि फालानिकोंना चुकलात म्हणणं तर त्याहून वाईट. मी उठलो. तुमचे उपकार कधी विसरणार नाही, म्हणालो. गाणं झालं. तिसऱ्या ओळीला टाळ्या फारच छान पडल्या.

घरी येऊन मी ओसरीवर बसून राहिलो. तिनोउसी म्हणाली, "अहो, एवढी चटई मिळाली, नवा शर्ट मिळाला, तोंड का असं?" मी तिला खरं ते सांगितलं, तुलाही सांगतो. चूक झाली याचं मला वाईट वाटलं नाही. पण एवढा गाव जमला, इतके रडले, इतकं खाल्लं, आणि कोणीही, एकाही माणसाने, "जाऊ नका" म्हटलं नाही. तिनोउसी म्हणाली, "निघालेल्याची वाट कोणी अडवतं का? अपशकुन असतो तो. तुम्हीच नाही का टाळ्या घ्यायला शिकवल्या?" ती म्हणते ते बरोबर आहे. मला तरीही लागलं.

सोमवारी मी सवयीने शाळेत गेलो. मुलं माझ्याकडे भूत बघावं तशी बघायला लागली. केरिसियानो म्हणाला, "सर, काही विसरलं का?" आणि बघतो तर माझ्या खिळ्याला त्याचा कप! मी तडक बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं. शाळा सोडणारा माणूस पुढच्या सत्राचं वेळापत्रक भिंतीला लावून ठेवत नाही. तुमच्या जागेवर मी कोणाला मागवलेलंच नाही." मी म्हटलं, मग थांबवलं का नाहीत? त्या म्हणाल्या, "गाव एकदा भट्टी पेटवायला निघालं की मुख्याध्यापिकेचं कोण ऐकतं! आणि एकदा ऐकलंत ते बरं झालं. नाहीतर ते सगळं आम्हाला तुमच्या शवपेटीला ऐकवावं लागलं असतं." बाईंच्या कौतुकाचा हा नमुना मी मनात जपून ठेवला आहे. पण पुढे त्या म्हणाल्या, की गावाला चुकलं म्हणता येणार नाही, चटई परत देता येणार नाही, तेव्हा मार्ग एकच: खरंच जायचं. गेलेला माणूस परत आला तर त्यात कोणाचीच मान खाली जात नाही. वर त्यांनी मला बजावलं, "पण जाऊन या. अकरावीची परीक्षा आहे."

तर असं सगळं आहे. भाचरांना आशीर्वाद, शेजारच्या म्हाताऱ्याला नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
पेसामिनो

ता. क. वरच्या मजकुरावरून तुझ्या लक्षात आलंच असेल की मी येत्या शनिवारच्या विमानाने तुझ्याकडे येतो आहे. विमानतळावर येताना एक जाड कोट आण. समितीने शिवलेला शर्ट सुंदर आहे, पण त्याला बाह्या नाहीत. चटई तुझ्या लेकीच्या लग्नासाठी आणतो आहे.

ता. क. तिनोउसी येणार नाही. "मला कुठे कोणी निरोप दिलाय?" म्हणते. तिचा सूर ऐकून, आता दुसरी भट्टी पेटते की काय, या काळजीत पाद्रीसाहेब पडले आहेत.

ता. क. आणखी एक, आणि हेच खरं मागणं. तू वर्षानुवर्षं "ये" म्हणालीस आणि मी दरवेळी शाळेचं कारण पुढे केलं. आता येतोय, पण मी परत जाणार, हे नक्की. तू मुळीच आड येऊ नकोस, आणि चर्चमधल्या कोणालाही भाषण करू देऊ नकोस. फक्त विमानतळावर, शेवटच्या दारापाशी, मला एकदा म्हण, "जाऊ नकोस रे." अपशकुन झाला तर होऊ दे.