चार बोटांचा काठ

३ ऑक्टोबर

पुन्हा बाहेर! मांजराच्या वाळूच्या ट्रेपासून जेमतेम वीतभर लांब. वाळू कोरडी ठणठणीत आणि फरशीवर तळं. मी ओरडलो तरी ठमी पळालीसुद्धा नाही, बसल्या जागेवरून बघत राहिली. कोडगी झालीय मांजर. मानगूट धरून मागच्या गॅलरीत घातली आणि दार लावून घेतलं.

बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला — "ठमे, चालायचंच. या घरात कुणाची चूक पोटात घालायची पद्धत नाही."

ही माझ्याशी असंच बोलते. म्हणजे मांजराला सांगून! मीही तेच करतो. जानेवारीत गिऱ्हाईकासमोर म्हणाली, "आता यांना कपाटं झेपत नाहीत, हात थरथरतो." चाळीस वर्षं सुतारकाम केलं मी, आणि माझ्याच घरात माझी शोभा! त्या दिवसापासून हिच्याशी एक शब्द बोललेलो नाही. बोलणारही नाही.

७ ऑक्टोबर

ठमीने पलंग सोडला. अकरा वर्षं माझ्या पायाशी झोपली, आता खाली पायपुसण्यावर. हिने तर मार्चमध्येच सोडला. बाहेरच्या खोलीत त्या बुटक्या दिवाणावर पथारी. सागाचा पलंग, खाली मोठे खण, मी स्वतः केलेला — आणि दोघींना तो नकोसा झालाय. कट केलाय दोघींनी!

८ ऑक्टोबर

परत तेच. दिवसभर गॅलरीत ठेवली.

१२ ऑक्टोबर

उचलायला गेलो तर कडकडून चावली. रक्त आलं. मुलीला फोनवर सांगितलं, तर मलाच झापलं — "बाबा, उगाच नाही हो कुणी चावत. आधी डॉक्टरकडे न्या तिला."

१४ ऑक्टोबर

जनावरांची डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीएवढी पोरगी. तिने ठमीला टेबलावर घेतलंच नाही. जमिनीवर सोडलं आणि नुसती बघत बसली. मग एकेक विचारत गेली. उडी मारते का? नाही. पाठ चाटते का? पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्यात, मला वाटलं आळशी झाली. नखं? वाढून वळलीत.

एक्स-रे काढला. मागच्या दोन्ही पायांचे सांधे खुब्यात झिजलेत. पुढची कोपरंही.

"कधीपासून?" म्हटलं. "वर्षभर तरी असेल, काका."

"मग एकदाही ओरडली कशी नाही?"

"मांजर ओरडत नाही. जे करताना दुखतं ते करायचं सोडून देतं. आणि आपल्याला वाटतं, स्वभाव बिघडला."

निघताना विचारलं, "ट्रेचा काठ किती उंच आहे?" मला सांगता येईना! घरी येऊन मोजला. चार बोटं. तेवढा पाय उचलायला तिचा जीव जात होता, म्हणून ती बाहेर बसत होती. जन्मभर खिशात टेप घेऊन फिरलो आणि हा काठ मोजायचं सुचलं नाही.

सप्टेंबरमध्ये मी तिला दोनदा चपलेने मारलं. इथे लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

१५ ऑक्टोबर

ट्रेचा पुढचा काठ कापून काढला. कड घासून गुळगुळीत केली. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं, म्हणजे वाकायला नको. पलंगाला लावायला तीन पायऱ्या करायला घेतल्या, वर जाड सतरंजी ठोकणार. हात थरथरतो. खरंच थरथरतो.

१६ ऑक्टोबर

ट्रेमध्ये गेली! आपली आपण! मी फरशीवर बसून रडलो.

२० ऑक्टोबर

महिन्याला एक इंजेक्शन. वजन उतरवायचं. नखं कापायची. अंथरुणाला ऊब हवी. माणसांची दुखण्यावरची गोळी चुकूनही द्यायची नाही, मांजर जिवाला मुकतं. सकाळी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून दिली, तर ठमी तिला चिकटून तासभर पडून राहिली.

ही दारात उभी होती, चौकटीला धरून. म्हणाली, "मजा आहे बाई तुझी."

टोमणा!

२७ ऑक्टोबर

चढली! पहिली पायरी, दुसरी, मग बराच विचार, मग तिसरी. पलंगावर आली आणि माझ्या पोटरीला पाठ लावून बसली. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. हिला हाक मारणार होतो, पण जीभ वळली नाही. "ठमे, बघायला यायचं असेल तर यावं म्हणावं," एवढंच मोठ्याने म्हणालो.

ही आली, पण तोवर ठमी झोपूनही गेली होती. दहा पावलांचं अंतर, आणि केवढा वेळ लावला.

१ नोव्हेंबर

आज ही चादर काढायला आत आली आणि वाटेतच मांजराच्या पायरीवर बसली. मी दाराआड आहे हे तिला माहीत नव्हतं. दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि सरळ करून ठेवला. एखादी फळी उचलावी तसा.

डॉक्टर पोरीचं बोलणं आठवलं. ही स्वयंपाक स्टुलावर बसून करते, मी आळस म्हणत होतो. कपडे वाळत घालायला गच्चीवर जात नाही, मी मिजास म्हणत होतो. आणि हा उंच पलंग! मला वाटलं, माझा राग म्हणून सोडला.

२ नोव्हेंबर

विचारलं. सरळ तिलाच. "तुझं कुठे दुखतं?"

तिने गॅस बारीक केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मणका. डॉक्टर फेब्रुवारीतच म्हणाले होते, लगेच ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल. आता गेलाच म्हणतात."

"केलं का नाहीस मग?"

"नवऱ्याची सही आणा म्हणाले. तुम्ही बोलत नव्हतात."