वापरून झालेली किल्ली

सर, काल लोणावळ्याला जाणं झालं. आपली प्रयोगशाळा ज्या भाड्याच्या बंगल्यात होती, तिथे आता हॉटेल आहे. वाईट वाटेल असं धरून गेले होते, तसं फारसं वाटलं नाही. परत आल्यावर मात्र तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

सत्तरच्या दशकातले ते दिवस. संस्थेचा मोठा संगणक पुण्यात, लहान संगणक लोणावळ्यात, आणि मध्ये टेलिफोनची तार. तारेवरचा मजकूर वाटेत कुणी चोरून ऐकला तरी त्याला कळू नये, एवढंच आपलं काम. मजकूर गुप्त करणं तसं जमलं होतं. अडचण होती किल्लीची, म्हणजे ज्या आकड्यांनी मजकूर बंद करायचा आणि उघडायचा त्यांची. दोन्ही टोकांना सारखीच किल्ली हवी, आणि ती भोकं पाडलेल्या कागदी फितीवर, लाखेचं सील मारून, शिपाई पुण्याहून लोकलने घेऊन यायचा. देशभर यंत्रं जोडली तर किती शिपाई धावणार, असं तुम्ही विचारायचात. तुमची कल्पना अशी, की पुण्याच्या यंत्राने प्रत्येक संभाषणासाठी नवी किल्ली करावी आणि ती तारेवरूनच, एकदाच हातोहात पोचवलेल्या दुसऱ्या एका कायमच्या किल्लीने बंद करून पाठवावी. या कल्पनेवर तुम्ही आयुष्यातली बरीच वर्षं घातली होती. मी तुमच्या हाताखाली नुकतीच लागले होते.

लोणावळ्याच्या दमट हवेत फिती फुगायच्या, म्हणून आपण त्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या फडताळात ठेवायचो. स्वयंपाकाला आंदर मावळातल्या मावशी होत्या. तारेवरून आलेली किल्लीही यंत्र अशाच फितीवर उतरवायचं; संभाषण संपलं की ती फीत जाळायची, हा तुमचा नियम. एकदा मी अशी एक फीत मावशींना कोथिंबिरीची जुडी बांधायला दिली. तुम्ही पाणी प्यायला आत आलात आणि ती जुडी उचललीत.

"ही किल्ली आहे," तुम्ही म्हणालात.

"काम झालंय तिचं, सर."

"तुमचं झालं असेल. दुसऱ्या कुणाचं व्हायचं असेल तर?"

मावशी म्हणाल्या, "साहेब, पोरीला बोलू नका. मीच मागितली व्हती." त्यांनी मागितली नव्हती. तुम्ही फीत सोडवून चुलीत टाकलीत आणि निघून गेलात.

ते बोलणं माझ्या मनातून जाईना. जुनी किल्ली चोराच्या हाती लागली, आणि ती किल्ली आणणारा तारेवरचा संदेशही त्याने टिपून ठेवला असला, तर काय होईल? एका दुपारी मी तेच करून पाहिलं. मागच्या आठवड्यातली एक फीत मी न जाळता ठेवली होती; तिची किल्ली आणणारा, टिपून ठेवलेला संदेश मी लोणावळ्याच्या यंत्राला पुन्हा ऐकवते. संदेश जुना आहे हे ओळखायला त्याच्याकडे काही साधनच नाही. ते जुनीच किल्ली नवी म्हणून स्वीकारतं. मग मी त्या किल्लीने लिहिते, 'पुण्याहून बोलत आहे', आणि यंत्र मला पुणं समजून उत्तर देतं.

मी तुम्हाला हाक मारते. तुम्ही उभ्यानेच बघता.

"पुन्हा करून दाखवा."

मी पुन्हा करते. तुम्ही खुर्ची ओढून बसता. मावशी दाराशी येतात. "साहेब, भात निवतोय. लय येळ झाला."

"येतो, मावशी." पण तुम्ही उठत नाही.

पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून समिती यायची होती. तिच्या होकारावर पुढचा सगळा पैसा अवलंबून होता. मी म्हणाले, "सर, आता आहे तसं दाखवू. दुरुस्ती नंतर करू. त्यांच्या लक्षात येणार नाही."

"नाही येणार," तुम्ही म्हणालात. "कुलूप विकत घेणाऱ्याच्या ते कधीच लक्षात येत नाही. आपल्याला माहीत आहे ना, मग आपणच सांगायचं."

समितीचा चहा संपायच्या आतच तुम्ही सांगितलंत. दोष कुणी शोधला तेही सांगितलंत आणि मला तो सगळ्यांसमोर करून दाखवायला लावलात. तुमच्या प्रामाणिकपणाचं त्यांनी कौतुक केलं आणि काम बंद केलं. एका सकाळी देहूरोडहून ट्रक आला आणि यंत्र घेऊन गेला. तुम्ही पुण्याच्या कॉलेजात गणित शिकवू लागलात. मी मुंबईला नोकरी धरली. आपली भेट झाली की तुम्ही माझ्या कामाची चौकशी करायचात, तुमच्या कामाचा विषय मात्र काढायचा नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर काही काळाने त्या दोषावरचा उपाय माझ्या वाचनात आला. प्रत्येक संदेशात तो केव्हा निघाला ती वेळही बंद करून पाठवायची, म्हणजे शिळा संदेश यंत्र स्वतःच नाकारतं. इतका साधा. आणखी थोडे महिने मिळाले असते तर आपल्यालाही सुचला असता, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. खात्री नाही.

हे कागद पाकिटात घालणार नाही. पण एक गोष्ट तुमच्यापाशी बोलून टाकते. पुढे माझ्या हाताखालीही लोक आले, माझ्याही कामाला समित्या आल्या. तुम्ही वागलात तसं वागायची पाळी माझ्यावर आली नाही, आणि ती आली नाही याचं मला बरं वाटतं.