कायम वर ठेवलेली खिडकी

प्रिय तोलकुन,

सागिनबेक बायके, आपले बर्फाच्या ट्रकवरचे थोरले भाऊ, आज सकाळी शुद्धीवर आले. त्यांच्या बायकोने, बेगायिम एजेंनी, दवाखान्यातून स्वतः फोन करून सांगितलं. डावा पाय गुडघ्याखाली गेलाय, पण माणूस वाचला. हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पुढचं मात्र फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून दुपारच्या मार्श्रुत्का व्हॅनच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देतेय. संध्याकाळपर्यंत तुझ्या गावी पोहोचेल.

घाटचौकीत तुझी खुर्ची तशीच आहे. बारा दिवस तिच्यावर कुणी बसलेलं नाही. आपला तो लिनक्सचा संगणक एकच, खातं एकच आणि सवयी दोघींच्या दोन, आठवतंय ना? तुला माउसचा बाण जिकडे जाईल ती खिडकी आपोआप वर यायला हवी. मला क्लिक केल्याशिवाय एकही खिडकी हललेली खपत नाही. शिवाय हवामानाच्या नकाशांखाली नोंदवहीची खिडकी दडते म्हणून मी तिला ‘कायम वर’ची खूण करायची, मग दुसरी कुठलीही खिडकी तिच्यावर येत नाही. तू म्हणायचीस, "जिपार, तुझ्या खिडक्या तुझ्यासारख्याच, ढकलल्याशिवाय उठत नाहीत!" आणि बायके ट्रकमध्ये चढता चढता ओरडायचे, "पोरींनो, माझ्या काचा बघा! एक पुढे, एक मागे, कधी भांडत नाहीत!" दुसऱ्याला घोडा देताना आपण रिकिबी सैल करतो, तसं पाळी संपली की आपापलं सगळं पूर्ववत करून उठायचं, हा नियम तूच घातलास. दोन वर्षं आपण तो मोडला नाही.

त्या दिवशी माझ्या भाचीच्या पायातली दोरी कापायचा विधी होता. पोर पहिली पावलं टाकणार, सगळं घर माझी वाट बघत होतं. बाराला मी घाईत उठले. माउसची सवय तुझ्यासारखी करून ठेवली, हे मला पक्कं आठवतं. त्यामुळे तुला काही वेगळं जाणवायचं कारणच नव्हतं. पावणेतीनला तू नोंदवही लिहीत होतीस. उतारावरच्या यंत्रांनी इशारा दिला तोही त्याच वेळी. आपला स्पीकर शरद ऋतूपासून मुका आहे. आणि वीस मिनिटांनी डोंगरावरचा हिमकडा खाली आला, तेव्हा बायके वळणावर बर्फ लोटत होते.

चार वाजता मी धावत वर आले. तुम्ही सगळे फावडी घेऊन वळणावर होतात, खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर तुझी अर्धवट ओळ होती. मी नोंदवही बाजूला ओढली आणि तिच्याखाली पिवळी खिडकी दिसली: हिमकडा कोसळण्याचा धोका, रस्ता रिकामा करा. नोंदवहीवर माझी ‘कायम वर’ची खूण तशीच होती. तोलकुन, मी ती काढली. एक क्लिक. मग मीही फावडं घेऊन तुमच्यात आले.

म्हणूनच चौकशी समितीने चाचणी घेतली तेव्हा इशारा सगळ्यांच्या वर, ठसठशीत आला. समितीचे साहेब म्हणाले, "एवढं दिसत नाही म्हणजे बाई फोनमध्ये असणार." तू मान खाली घालून म्हणालीस, "माझंच लक्ष नसेल." मी शेजारी उभी होते. तेव्हा गप्प राहिले आणि त्यानंतरही रोज गप्प राहिले.

आज बेगायिम एजेंनी आणखी एक गोष्ट सांगितली. शुद्धीवर आल्यावर बायकेंनी पाणी मागायच्या आधी विचारलं, "तोलकुनने मला हाक का मारली नाही?" उद्या दहा वाजता समिती तुला काढून टाकण्याच्या कागदावर सह्या करायला बसणार आहे. त्याआधी मी तो संगणक लावीन, नोंदवहीला तीच खूण करीन, इशारा सोडीन आणि कुणाला काही दिसतं का ते विचारीन. मग खूण कुणाची आणि ती कुणी काढली, हे सांगीन. त्यानंतर तुला चौकीवरून फोन येईल, तो उचल. माझा आला तर नाही उचललास तरी चालेल.

तुझीच,
जिपार