आईची गुणगुण

३ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
चार तंतुवाद्यांची रचना एकदाची सुरू झाली. मे महिन्यात सादर करायची आहे. शिवाय व्याख्यानं चालूच आहेत: संगीत रचलं जातं की सापडतं? रचलं जातं, असं मी छाती ठोकून सांगतो. पहिलं पान सोबत आहे. तू गाण्याची मास्तरीण, चुका काढशीलच.
माया असू दे.
तुझा धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास अ. आ.
तुझं पान पेटीवर वाजवलं आणि मध्येच थांबून आईकडे धावले. हीच चाल आई दहा दिवस गुणगुणतेय! बारा वर्षं ठार बहिरी बाई, कानाशी ढोल बडवला तरी मान वळत नाही. मावशी म्हणते, बहिरी होण्याआधीही हे गाणं आईनं कधी ऐकलेलं नाही. आई तुझ्या पानाच्याही पुढे जाते. त्या ओळी लिहून धाडतेय. जिवाला जप.
ताई

१९ मार्च
ती. ताईस सा. न.
१२ ते १५ तापाने पडलो होतो, वहीला हातही लावला नाही. तू धाडलेल्या ओळी माझ्या वहीत होत्या, कुणालाही न दाखवलेल्या. फक्त शेवटच्या चार नव्हत्या. त्या तशाच उतरवल्या. वादक म्हणाले, इतकं सुंदर तुम्ही कधी लिहिलं नव्हतं. मान वर करवेना. तरी पुढचं धाड, पाया पडतो.
धाकटा

२ एप्रिल
चि. धाकट्यास अ. आ.
धाडणार नाही. घास तोंडाशी नेला की आई गुणगुणते, घास तसाच राहतो. हाडांचा सापळा झालाय. तू तापाने पडलास ते चार दिवस मात्र पोटभर जेवली. मी तारखा ताडून पाहिल्या. आता तूच ठरव.
ताई

९ एप्रिल
ती. ताईस सा. न.
वही मिटली. शेवट लिहिणार नाही, आहे तिथेच वादक थांबतील. चेलोवाली चिडून म्हणाली, हे म्हणजे जिन्याची शेवटची पायरी काढून घेणं. कार्यक्रम १२ मे, संध्याकाळी सहाला, रचना अर्ध्या तासाची. आई जेवली का, एवढंच कळव.
धाकटा

१३ मे
चि. धाकट्यास अ. आ.
कार्डावर कळवलं होतं तशी आई महिनाभर नीट जेवतेय. गुणगुण बंद. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण गुणगुण सुरू झाल्यापासून ती एक शब्दही बोललेली नव्हती.
काल संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. एकाएकी तिनं हात वर करून मला थांबवलं. साडेसहा वाजले होते. बराच वेळ हात तसाच. मग खाली घेतला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, शिकला एकदाचा थांबायला.
लवकर ये.
ताई