चार फेऱ्यांत गाडी वर

३ फेब्रुवारी, रविवार

चुलतबहिणीकडे जेवून परत येताना पुलाच्या अलीकडे मागचं टायर बसलं. गाडी हिची, माझ्या बायकोची. म्हणजे हिच्या ड्रायव्हिंग स्कूलची. हिनं डिकीतून जॅक काढला, बाह्या सरसावल्या आणि बसली. मी देखरेख केली. शिवाय चाकाचे नट रुमालात धरून उभा राहिलो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही.

हँडल फिरतंय, फिरतंय, फिरतंय, आणि गाडी ढिम्म. एक स्कूटरवाला थांबला आणि हिला म्हणाला, ‘ताई, एकट्याच आहात का? मदत करू?’ मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

सासूबाई मागच्या सीटवर बसून खो खो हसत होत्या. त्यांना कशाचंही हसू येतं.

घरी येईपर्यंत विचार पक्का झाला. दोष माझा नाही. हिचाही नाही. दोष जॅकचा आहे.

४ फेब्रुवारी

दुकानात काउंटरवर जॅक उघडून बसलो. माझं चष्म्याचं दुकान. तीस वर्षं स्क्रू पिळतोय. चष्म्याच्या दांडीतला स्क्रू तिळाएवढा असतो. तो ज्याच्या बोटांना कळला, त्याला जॅकचा स्क्रू म्हणजे गंमत.

दहा मिनिटांत दोष सापडला. स्क्रूवरचे आटे फार जवळजवळ आहेत! म्हणून एका फेरीत गाडी नखाएवढीच उचलली जाते. आटे लांब लांब घ्यायचे, उभे घ्यायचे. चार फेऱ्यांत गाडी वर. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचू नये? इंजिनियर लोकांना बहुतेक विचार करायला वेळ मिळत नसावा.

जवळ दुसरा कागद नव्हता. डोळे तपासायच्या तक्त्याच्या मागे ड्रॉइंग काढलं. दोन गिऱ्हाइकं आली होती. तक्ता उलटा असल्यामुळे त्यांना उद्या यायला सांगितलं.

६ फेब्रुवारी

लेथवाल्याकडे गेलो. भला माणूस. काहीही सांगितलं तरी ‘होऊन जाईल’ म्हणतो. ड्रॉइंगकडे बघितलंसुद्धा नाही. इतका विश्वास आजकाल कोण टाकतो? सांगाडा आपल्याच जॅकचा, स्क्रू फक्त नवीन. जुना स्क्रू त्यानं भंगारात फेकला. मी म्हटलं, फेका. मागे वळून बघायचं नाही.

हिला रात्रीच्या जेवणात बातमी दिली. ती म्हणाली, ‘अहो, सव्वीस तारखेला आईची टेस्ट आहे. तोवर माझ्या गाडीला हात लावू नका.’ सासूबाई अडुसष्टाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकताहेत, आपल्याच लेकीकडे. मी शब्द दिला. गाडीला हात लावणारच नाही. लावेल तो जॅक.

१० फेब्रुवारी, रविवार

जॅक आला! नुसता हातात धरून फिरवला तर चार फेऱ्यांत पूर्ण उघडतो. डोळ्यांत पाणी आलं.

गाडीखाली लावला. हँडल फिरेना. दोन्ही हातांनी लावलं. पाय टेकवून लावलं. शेवटी हँडलवर उभा राहिलो. मी वर, हँडल जागच्या जागी. सासूबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, गाडीनं तुम्हाला उचललं की हो!’ ही चहा घेऊन आली, बघितलं, आणि चहा घेऊन परत गेली.

निष्कर्ष: स्क्रू उत्तम. हँडल आखूड.

११ फेब्रुवारी

लेथवाल्याकडून हँडलला लांबलचक पाइप जोडून घेतला. (‘होऊन जाईल.’) आता जोर भरपूर मिळतो, पण हँडल अर्धी फेरी झाली की जमिनीला आपटतं. यावर उपाय सोपा आहे. जमिनीत खड्डा करायचा.

१२ फेब्रुवारी, दुपारी

खड्डा केला. हँडल झकास फिरतं. हिचा आक्षेप: रस्त्यात पंक्चर झालं तर काय दर वेळी खड्डा खणायचा? बायकांना लांबचं दिसत नाही. डिकीत कुदळ ठेवली की प्रश्न मिटला.

संध्याकाळी

शेजारचे वकीलसाहेब खड्ड्यात पडले. लागलं नाही. पण फार कायद्याचं बोलले.

१३ फेब्रुवारी

विचार केला: चष्म्याचा स्क्रू जड जायला लागला तर मी काय करतो? थेंबभर तेल सोडतो. गाडी चष्म्याहून मोठी. तर तेलाऐवजी ग्रीस, आणि थेंबाऐवजी डबा. आट्यांना पॉलिशही मारून घेतलं. आरशासारखे चकाकतात. एका गिऱ्हाइकाला त्यात तोंड बघायला लावलं. तो फ्रेम घ्यायला आला होता. न घेताच गेला. संकोची असावा.

१७ फेब्रुवारी, रविवार

ऐतिहासिक दिवस!!

गाडी वर गेली. चार नव्हे, साडेचार फेऱ्या, पण ते धरायचं नाही. लोण्यासारखी गेली. सगळ्यांना बाहेर बोलावलं. ही आली, सासूबाई आल्या, वकीलसाहेबही पांढऱ्याशुभ्र शर्टात कुंपणाशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, बघा, आणि टाळीसाठी हँडल सोडलं.

हँडल आपोआप उलटं फिरायला लागलं. आधी सावकाश. मग पंख्यासारखं. मग दिसेनासं झालं. खड्ड्यातली माती आणि डब्यातलं ग्रीस चहूकडे उडालं आणि गाडी धप्पकन खाली आली. कपड्यांची दोरी तुटली. सासूबाई हसता हसता पायरीवर बसल्या आणि त्यांना उठवायला दोघं लागले. वकीलसाहेबांच्या शर्टाबद्दल लिहीत नाही.

सगळे शांत झाल्यावर लक्षात आलं: गाडी खाली घ्यायला शून्य मेहनत! असा जॅक जगात नसेल. हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘जॅक धरून ठेवण्यासाठी असतो. जुना तेच करायचा. सावकाश उचलायचा, पण सोडायचा नाही.’ आणि पुढे म्हणाली की चाक काढलेलं असताना मी खाली असते तर? यावर विचार करतो आहे. थोडा दचकलो, हे खरं.

१८ फेब्रुवारी

धरून ठेवण्यासाठी खटका! दातेरी चाक बसवायचं, त्यावर खटका. वर जाताना टक टक टक, उलटं फिरायला मनाई. हिच्या सूचनेचा मान राखला, हे तिला आवर्जून सांगितलं. ती म्हणाली, ‘मी सूचना केली नव्हती. मी भांडत होते.’

१९ फेब्रुवारी

आज दैव उघडलं. चौकातला स्पेअरपार्टवाला दुकानात आला. शहरातल्या निम्म्या गाड्यांना लागणारं सामान त्याच्याकडून जातं. काउंटरवरचं ड्रॉइंग उचललं, लांब धरलं, जवळ धरलं, पुन्हा लांब धरलं, आणि म्हणाला, ‘वा! काय रेषा आहेत! हा माल मी ठेवणार.’

मी त्याला कवेत घ्यायचाच बाकी होतो. म्हटलं, तुम्हाला लांबचं नीट दिसत नाही वाटतं. तो म्हणाला, जवळचंही नाही, त्यासाठीच आलो होतो. डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना भलता नंबर. चष्मा माझ्यातर्फे भेट म्हणून देतो म्हणालो. माझी कलाकृती त्यानं तिच्या खऱ्या रूपात बघावी, एवढीच इच्छा.

२२ फेब्रुवारी

लेथवाल्यानं खटका बसवला. ऐन वेळी निसटू नये म्हणून वरून पत्रा वेल्ड करून घेतला. पक्कं काम. दुकान आज उघडलंच नाही. गिऱ्हाइकं येतील पुन्हा. डोळे कुठे जातात?

२४ फेब्रुवारी, रविवार

टक टक टक टक! गाडी वर! हँडल सोडलं. हललं नाही! पार टोकापर्यंत नेली, स्क्रू पुढे जाईना इतकी. बॉनेटवर बसलो. सासूबाईंना स्टिअरिंगवर बसवलं. दोघांनी मिळून उड्या मारल्या. ढिम्म! हीसुद्धा आली, वाकून बघितलं आणि ‘धरलंय खरं’ म्हणाली. हिच्या तोंडून! मी अंगणात गिरकी घेतली (खड्डा चुकवून).

उद्यापर्यंत गाडी वरच ठेवतो आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू दे.

२५ फेब्रुवारी, सकाळी

गाडी खाली येत नाही.

दुपारी

लेथवाल्याला बोलावलं. तो गाडीभोवती फिरला आणि प्रथमच ‘होऊन जाईल’ म्हणाला नाही. म्हणाला, खाली आणायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. ड्रॉइंग बघितलं. खरं आहे. सगळे बाण वर जाणारे आहेत. खटका सोडवायला हँडल आणखी थोडं वर फिरवावं लागेल, आणि स्क्रू तर मीच टोकाला नेऊन ठेवलाय. पत्रा कापायचा तर कापणाऱ्यानं गाडीखाली शिरायचं. हिनं साफ सांगितलं की कुणीही शिरणार नाही. कटर बंद करून लेथवाला गेला.

हिचे सगळे विद्यार्थी येऊन हवेतल्या गाडीत बसून गेले. हिनं त्यांना आरसे शिकवले. सासूबाईंनी मात्र हट्टानं पूर्ण सराव केला: क्लच, गिअर, ब्रेक, खिडकीतून हात. त्यांचा हात बघून रस्त्यावरचा एक सायकलवाला खरोखर बाजूला झाला. ‘वरून छान दिसतं हो,’ म्हणाल्या. मी म्हटलं, हाही जॅकचा एक फायदा.

ही बोलत नाही. प्रयोगात रस घ्यायला लागली असावी.

२६ फेब्रुवारी

टेस्टचा दिवस. नऊ वाजता पोहोचायचं. आठ वाजता गाडी हवेत. सासूबाई नवी चप्पल घालून, पर्स घेऊन पायरीवर. आज प्रथमच हसत नव्हत्या. हळूच मला म्हणाल्या, ‘जावईबापू, मी रात्रभर सिग्नल पाठ केले हो.’ स्क्रूबद्दल काहीतरी बोललो.

ही तडक वकीलसाहेबांकडे गेली. ज्यांना खड्ड्यात पाडलं, ज्यांचा शर्ट घालवला, त्यांच्याकडे! माझी जायची हिंमत झाली नसती. ती त्यांच्या गाडीतला जॅक घेऊन आली. साधा. आटे जवळजवळ. माझ्या जॅकच्या शेजारी लावला आणि फिरवायला लागली. मी तिला सांगत होतो की यात फार वेळ जाईल, कारण आट्यांमधलं अंतर... वाक्य पुरं व्हायच्या आत गाडी केसभर वर गेली, माझा जॅक सुटून आडवा पडला. मग हिनं हँडल उलटं फिरवलं आणि गाडी सावकाश, शहाण्यासारखी खाली आली. वकीलसाहेबांनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या. हिच्यासाठी.

मला मागे बसवलं.

सासूबाई पास!! गाडी सुरेख चालवली. नंतर इन्स्पेक्टरनं विचारलं, ‘आजी, रस्त्यात टायर पंक्चर झालं तर काय कराल?’ सासूबाई म्हणाल्या, ‘आधी जावयाला लांब उभं करीन.’ तो इतका हसला की सही दोनदा चुकला.

माझा सरकारी परीक्षेत उल्लेख झाला. येताना गाडी सासूबाईंनी चालवली. सगळे हसत होते. मीही हसलो. शेवटी शेवटी हिनंही आरशातून माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, असं वाटतं.

२७ फेब्रुवारी

खड्डा बुजवला. वकीलसाहेबांना नवा शर्ट नेऊन दिला. मापाचा निघाला. हिच्या गाडीत नवा जॅक घेऊन ठेवला. साधाच. दुकान उशिरा उघडलं. दारात चिठ्ठी होती: ‘चष्मा दुसरीकडे केला.’ अक्षरं वेडीवाकडी. चष्मा घाईत केलेला दिसतो.

पण हरकत नाही. शनिवारी स्पेअरपार्टवाला येतोय. खटक्याला सुटका ठेवली की काम झालं. खरा पारखी तोच.

२ मार्च, शनिवार

आला. चष्मा चढवला. आधी रस्त्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे. ‘अरेच्चा,’ म्हणाला, ‘हे सगळं इथंच होतं?’ इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता.

मग मी त्याच्यापुढे ड्रॉइंग धरलं.

बराच वेळ बघून म्हणाला, ‘हे ते नव्हे. ते फार सुंदर होतं.’ मी म्हटलं, तेच आहे. त्यानं चष्मा काढला. ‘हां, हेच!’ चष्मा घातला. तोंड उतरलं. काढला. खुलला. घातला. असं तीन-चारदा झालं. शेवटी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि ड्रॉइंग नीट घडी करून माझ्या हातात दिलं. मग काउंटरवरचा जॅक बघितला, त्याला हात लावला नाही. म्हणाला, हा माल ठेवता येणार नाही, माणसं खाली झोपून काम करतात. वाईट वाटून घेऊ नका.

दारापर्यंत गेला आणि परत वळला. ‘पण नंबर अगदी बरोबर काढलात हो. माझ्या दुकानातल्या सगळ्यांना पाठवतो.’

जेवताना हिला सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. पानात वाढता वाढता म्हणाली, ‘इतक्या वर्षांत तुमचा कुणाचा एक तरी नंबर चुकलाय का?’

आठवून बघितलं. नाही चुकलेला.

उद्या रविवार. तरी दुकान उघडायचं. त्याची माणसं येतील. तक्ता सुलटा लावायचा.