दोनदा वाचलेली कादंबरी

ताई,

हे तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन पत्रं फाडली. त्या गाजलेल्या कादंबरीबद्दल तू लिहिलंस, "फार रटाळ वाटली रे. पण मागच्या कव्हरवर तू एवढी वाखाणलीयेस, म्हणून पुन्हा वाचली. माझीच अक्कल कमी पडली असेल."

तुझी अक्कल शाबूत आहे गं. ते कौतुक प्रकाशकानंच लिहून आणलं होतं, मी फक्त खाली नाव दिलं. माझ्या तीन पुस्तकांनी मिळून दिले नाहीत, एवढे पैसे त्या नावाचे मिळाले. भेट आलेली प्रत न उघडताच तुला पाठवली.

उद्या फोनवर तू शेवट समजावून सांग म्हणशील, म्हणून आज तीच कादंबरी विकत आणली. सतराव्या पानावर अडकलोय. खुणेला हेच पत्र ठेवतो.

तुझा,
धाकटा