अदलाबदलीची खोली

६ ऑक्टोबर
ओमाहात पोहोचले! पैशाचं हे संग्रहालय एका जुन्या, बंद पडलेल्या बँकेत आहे आणि मला तळघरातली तिजोरीची खोली मिळाली आहे. पैसा नव्हता तेव्हाची अदलाबदल मुलांना खेळून कळावी, असं यंत्र करायचं. पडदा विचारणार, काय हवं? बदल्यात काय देशील? मुलांनी लिहिलं की आवाज येणार, सौदा पक्का. खरा कलाकार मिळेपर्यंत आवाज मीच भरला. आईबाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलेल्या मुलीला पहिली नोकरी अशी मिळावी! १९ तारखेला, रविवारी, घरी केझायाताईच्या बाळाचा बाप्तिस्मा. ताई म्हणाली आहे, बाळाला मीच धरायचं.

८ ऑक्टोबर
लोर्ना इथली प्रमुख. तिला पडद्यावर 'रद्द करा' हे बटण हवं होतं. मी काढून टाकलं. दिलेली मेंढी कोणी परत मागत नसे. मुलांना चुकीचं का शिकवा? इतकी काटेकोर पोरगी आपण बघितली नाही, असं म्हणत तिनं हात टेकले.

९ ऑक्टोबर
चाचण्या. वायरिंगवाले ड्यूईकाका दर वेळी शेळी देतात आणि विमान मागतात. मला म्हणाले, "अगं, शेळी लिही नि मोकळी हो. यंत्राला काय कळतंय?" पण मला खोटं लिहवत नाही. गरम जेवण मागितलं, आजीनं विणलेले हातमोजे दिले. अर्ध्या तासात काका गरम चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल घेऊन आले. बायकोनं जास्त दिलं होतं म्हणे. योगायोगाला खूप हसलो.
हातमोजे मात्र सापडत नाहीत.

१३ ऑक्टोबर
पडदा सारखा अडकतोय आणि शुक्रवारी उद्घाटन. चाचणीत तेच मागितलं : यंत्र कधीही अडकू नये. बदल्यात काय? भिंतीवरच्या फलकावर मीच लिहिलंय, जे देताना जीव तुटतो तेच खरं मोल. मग हातमोजे कसे चालतील? प्रामाणिकपणे लिहिलं : घरी जाणं.
सौदा पक्का.
तेव्हापासून एकदाही अडकलेलं नाही.

१४ ऑक्टोबर
कालची रात्र कामात इथेच गेली. आज पाच वाजता निघाले. पुढच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं ते तिजोरीच्या खोलीत. मागच्या दारानंही तेच. खिडकीतूनही.

१५ ऑक्टोबर
काका आले. मी समोर उभी होते. त्यांची नजर माझ्यातून आरपार गेली. लोर्नाला म्हणाले, पोरीचा कोट खुंटीवर आहे, पोरगी कुठाय? लोर्ना फोनवर माझ्या आईला सांगत होती, कालपासून दिसली नाही. मी तिच्या कानाशी ओरडत होते.

१६ ऑक्टोबर
मागितलं : घरी जाणं परत. नोकरी देऊ केली. डोळे देऊ केले. पडद्यावर एकच ओळ—
'तुझं खर्ची पडलं. दुसऱ्या कोणी दिलं तर मिळेल.'
रद्द करायला बटण नाही. मीच काढलं.

१७ ऑक्टोबर
उद्घाटन. मुलांची रांग. शेळी, शेळी, नाकातला शेंबूड. देवा, ही पोरं खोटं लिहितात ते किती बरं.
दर वेळी 'सौदा पक्का'— ते ध्वनिमुद्रण नाही. माझाच घसा हलतोय.

दोन वेण्यांची मुलगी. निघायचं म्हणून रुसलेली. आई म्हणाली, घरच्या शाळेत काय शिकवलंय मी? "खरं तेच लिही हं, बाळा."
हवं : इथेच राहायला.
देते : घरी जाणं.

परवा बाप्तिस्मा. मी काही करायचंही नाही— घशाला नुसतं 'सौदा पक्का' बोलू दिलं की तिचं घरी जाणं मला—
नाही.
डाव्या हातानं तोंड दाबलंय. शब्द वर येतोय. बोटं दातांत—
तिची आई म्हणते, अडकलं वाटतं. पुन्हा दाब.
बाळा, शेळी लिही, शेळी लि—
मुलगी पुन्हा दाबतेय. माझी जीभ—